लाईट आली की आपोआप

न्हाई न्हाई, त्या बोर्डात नका घालू पिन! तो ढिला हाय, पलीकडं कुणी मिक्सर लावला तरी हितं ठिणगी उडत्या. ह्यो घ्या, ह्यो इन्व्हर्टरचा — बॅटरी नवी हाय, पाणीबी सकाळीच बघितलंय. आन मधी तुमची ती पेटी जोडा की, यूपीएस — व्हय, तीच. म्हंजे लाईट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरनं दगा दिला तर तुमची पेटी, आन तीबी गेली तर — हसू नका वो पावणं. तुमीच फोनवर म्हणाला न्हवं, हे फर्मवेअर बदलताना मधीच लाईट गेली तर डबा कायमचा मुका होतो म्हणून? तुमी सहज बोलून गेला. मी फोन ठेवला आन गोठ्यात जाऊन बसलो. आमच्या घरात 'मुका' ह्यो शब्द कोण काढत न्हाई.

बसा, खुर्ची घ्या. ती आत हाय, मधल्या खोलीत. दार जरा लोटून घेतो. कान लई तिखट हायत तिचं, आन मी हा असा — भ्या वाटलं की आवाज चढतोय माझा, आपसूक. काय म्हणाला? ती म्हंजे कोण? का, तुमच्या दुकानातनं तुमाला कायच सांगितलं न्हाई? साधा ऑफिसातला कॉम्प्युटर समजून आला व्हय? आता काय बोलायचं! अवो, ह्यो डबा म्हंजे माझ्या बायकोचं तोंड हाय. शालूबाईचं. ह्योच, ह्यो जेवणाच्या डब्याएवढा. तिला नसांचा आजार हाय. डॉक्टर लांबलचक नाव सांगतात, मी पाठ केलं न्हाई, मुद्दामच केलं न्हाई. आधी अंगठा गेला तिचा. आमची म्हशींची दावण — गंगावेशीत कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या पुढ्यात धार काढून देतो आमी, माझ्या आज्ज्यापासनं. लगीन होऊन आली तवापासनं ती माझ्या शेजारी बसायची, आन माझ्याआधी तिची चरवी भरायची. तर एक दिवस म्हणाली, अवो, अंगठा वळंना झालाय. मी म्हणालो, थंडीनं असंल. थंडीनं! मग हात गेला, मग पाय, मग जीभ जड झाली, आता मानसुदीक धरवत न्हाई. डोळं तेवढं फिरतात.

आन त्या डोळ्यांवर ह्यो डबा चालतोय. पडद्याच्या खाली एक काळी पट्टी हाय, कॅमेऱ्याची, ती तिची बुबुळं बघत्या. ज्या अक्षरावर नजर ठरली ते अक्षर उमटतंय — एक अक्षर, दुसरं अक्षर, असं करत करत शब्द — आन मग डबा बोलतोय. तिच्याच आवाजात. व्हय की, तिच्याच! जीभ जायच्या आधी आमच्या पोरीनं आईचा आवाज भरून घेतला. प्रियदर्शनी, पुण्याला असत्या. रजा टाकून आली आन दिवसच्या दिवस आईपुढं माईक धरून बसली. पोरगी सांगायची, आई, हे वाक्य म्हण — 'आज हवा छान आहे.' ही म्हणायची, 'असलं मी कवा बोलतो गं?' आन खिडकीकडं तोंड करून वरडायची, 'चंद्रे, सर की माघारी!' चंद्री म्हंजे आमची म्हस. ते सगळं हाय ह्याच्यात, शिव्यांसकट. पयल्यांदा ह्यो डबा बोलला तवा मागनं गोठ्यातनं चंद्री हंबरली. खोटं न्हाई सांगत तुमाला. ती म्हस माझ्या हाताला पान्हा सोडत न्हवती, नुस्ती लाथा झाडायची. त्या दिवशी सोडला. मी धार काढालोय आन रडालोय, चरवीत काय पडलं देवाला ठावं.

म्हणून इचारतोय, आवाज पुसून तर जाणार न्हाई न्हवं? डिस्क येगळी, फर्मवेअर येगळं — व्हय, सांगितलं तुमी. बटण दाबल्या दाबल्या डबा सगळ्यात आधी जे वाचतोय ते फर्मवेअर, आन आवाज असतोय डिस्कवर, त्याला धक्का लागत न्हाई. समजलं मला. समजलं तरी भ्या जात न्हाई, त्याला काय करू? त्या पेनड्राइव्हवरची फाईल ह्याच मॉडेलची हाय न्हवं? थांबा, डबा पालथा करतो, खाली नंबर हाय. मी हितला वाचतो, तुमी तुमचा वाचा. जुळला? शेवटचं अक्षरसुदीक? परत एकदा वाचा की. रागवू नका. तुमाला घरी जायचंय, मला ठावं हाय. उचगावला न्हवं? आदर्शराव ना तुमचं नाव? परत एकदा वाचा, आदर्शराव.

बरं, आता हे सगळं कशाला पायजे ते सांगतो, म्हंजे तुमी नीट कराल. उन्हाळ्याच्या तोंडाला मी असाच कट्ट्यावर गेलतो. हितं लाईट गेली आन लगीच आली, डोळा मिटून उघडावा तेवढ्यात. तवा ह्याला इन्व्हर्टर जोडलेला न्हवता. लाईट आली, पंखा फिराय लागला, फ्रीज गुरगुराय लागला, सगळं घर चालू झालं — ह्यो डबा तेवढा गप. ह्याचं बटण माणसानं दाबल्याशिवाय ह्यो उठत न्हाई, आन बटण दाबायला घरात कोण? तीच. तिची मान उशीवरनं घसरली, हनवटी छातीत रुतली, श्वास अडला. एरवी असं व्हाय लागलं की तिच्या नजरेसरशी डबा वरडायचा, 'मान! मान!' — मोठा आवाज ठेवलाय आमी, शेजारच्या अक्काच्या चुलीपर्यंत जातोय — आन अक्का पळत यायची. त्या दिवशी कोण वरडणार? अक्का ताक न्यायला आली म्हणून. ताक! तिच्या घरी कढी करायचं ठरलं म्हणून माझी बायको वाचली. मी आलो तवा शालूचं व्हट निळं पडलतं. डोळं सताड उघडं, आन माझ्याकडं बघत होती. कायबी म्हणू शकत न्हवती, नुस्ती बघत होती.

तवापासनं मला ती सेटिंग पायजे — लाईट आली की डबा आपोआप चालू होणारी. पयल्या माणसानं करून दिली, दोन दिसांत गेली. तुमी म्हणाला, जुन्या फर्मवेअरमदी ती टिकतच न्हाई, आन कॅमेऱ्याच्या पट्टीचं कनेक्शन मधीच तुटून डबा बंद पडतोय तेबी त्याच्यामुळंच. म्हणून हे धाडस. न्हाईतर मी ह्याला कुणाला हात लावू दिला असता?

काय? कवापासनं बंद हाय? कालपासनं. कालपासनं अगदी ठार. बटण दाबलं तरी काय न्हाई. दाबा की, तुमीच दाबून बघा —

झाला व्हय चालू.

हां. होतोय कवा कवा. लहरी हाय. पयल्या दाबालाच झाला? असंल, तुमचा हात चांगला. तुमी तुमचं काम करा, माझ्याकडं काय बघताय.

हे काय, निळा पडदा? हीच ती सेटिंगची पानं? सगळं इंग्रजी. ती फाईल दिसली व्हय त्याला. काय इचारतोय — नक्की का? दाबा. थांबा! थांबा जरा. वारं सुटलंय, पत्रा वाजालाय गोठ्याचा. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा. तुमच्या पेटीचा? हिरवा. दाबा. दाबलं? आई अंबाबाई. आता पडद्यावरच्या ह्या भरत जाणाऱ्या पट्टीकडं बघायचं व्हय नुस्तं. कशाला हात लावायचा न्हाई. मी आपली हाताची घडी घालतो, म्हंजे धक्का लागायला नको. तुमी पाय जरा आत घ्या की, वायर हाय तितं. सरकालीया का? मला तर हाय तितंच दिसालीया. चष्मा पुसतो. हां, सरकली. सरकली एवढीशी.

गेली! गेली वो लाईट! फ्रीज थांबला, ऐकलं का? ही कोण वाजालीया — तुमची पेटी? का वाजत्या? इन्व्हर्टरनं उचललं न्हाई का? उचललं. पंखा फिरालाय. उचललं न्हवं? मग वाजत्या कशाला ती? थांबली. पट्टी बघा, पट्टी. हलत न्हाई. आदर्शराव, पट्टी हलत न्हाई! थांबा म्हणताय, थांबतो. थांबतोच की. मी काय करणार दुसरं. ह्या डब्याला कायबी झालं तर मी तिला काय सांगू? पोरीला काय सांगू? रविवारी भाची आलती, पूर्णिमा, तीबी म्हणाली, मामा, मामीचा आवाज तर ऐकू दे, तर तिला म्हणालो बिघडलाय, मागच्या आठवड्यापासनं बिघडलाय, दुरुस्तीला माणूस मिळंना झालाय —

काल म्हणालो व्हय मी मघाशी? काल न्हाई. तसं बघू नका माझ्याकडं. व्हय, बटण दाबलं की चालू होतोय. ठावं हाय मला. बटण कुटं हाय तेबी ठावं हाय. रोज त्याच्याजवळ हात नेतोय मी, आन मग म्हशीला पेंड घालायची आठवत्या, न्हाईतर दारात कोण आलंय असं वाटतंय, आन हात माघारी येतोय.

डॉक्टर म्हणाले, छाती दमलीया. आता गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागंल, आन त्या नळीला श्वासाचं यंत्र जोडायचं. मग काढंल बरीच वरसं. आन न्हाई घातली तर? इचारलं मी. त्यांनी नुस्ता हात वर केला, आभाळाकडं. म्हणाले, तिला इचारा, तिचं डोकं शाबूत हाय, तिनं ठरवायचं. मी घरी आलो, हातपाय धुतलं, तिच्याजवळ बसलो आन इचारलं. सगळं सांगून इचारलं, कायबी झाकलं न्हाई. डोळं फिराय लागलं तिचं. 'मला' झालं. मग 'नळी' झालं. मग एक 'न' उमटला — आन पट्टी तुटली, पडदा काळा, डबा बंद. मला नळी न. एवढंच. तुमी शिकलेलं हाय, तुमी सांगा, 'न'च्या फुडं काय काय येतंय? 'नक्की' येतंय की न्हाई? मला नळी नक्की घाला. येतंय की! 'नंतर' येतंय. 'न घाबरता' येतंय. मी धार काढताना ह्येच करालोय, एकेक शब्द जुळवून बघालोय. गिऱ्हाईक म्हणतंय, हंबीरराव, दूध सांडालंय. सांडू दे.

डबा नसला तरी ती व्हय म्हणू शकत्या, म्हाईत हाय तुमाला? डोळं मिटून. कूस बदलू का म्हटलं की मिटत्या. पंखा वाढवू का? मिटत्या. इचारलं असतं तर तेबी सांगितलं असतं तिनं. मी इचारलंच न्हाई. कूस आन पंखा, कूस आन पंखा, एवढंच इचारत राहिलो. ती टक लावून बघायची आन मी उशी नीट करायचो. इतकी नीट केली ती उशी. पोरीचा फोन यायचा, आई काय म्हणाली? डबा बंद हाय बाळ. डोळ्यांनी तरी इचारा की बाबा. झोपल्या ती बाळ. भर दुपारी झोपल्या म्हणून सांगितलं मी. तुमाला कशाला बोलवलं म्हणता? मी कुटं बोलवलं! अक्कानं. तुमचा नंबर आणून हातात ठेवला आन दारात उभारली. म्हणाली, हंबीरराव, बाईचं तोंड बांधून ठेवलंय तुमी, लाज वाटत न्हाई? लावा फोन माझ्यादेखत. लावला. डबा मेला तर मी मरतोय, आन चालू झाला तरी — मला दोन्हीकडनं भ्या वाटालंय वो. माणूस एवढा भितोय कसा? एवढ्या मोठ्या म्हशी वळल्या मी, अंगावर आलेला रेडा शिंगाला धरून वळवलाय, आन त्या 'न'ला भितोय.

आरं, काळा पडदा! काळा झाला! हे काय झालं? झालं म्हंजे? पट्टी पुरी भरली आन मगच काळा झाला? मी बघितलंच न्हाई, मी बोलत बसलो. आपणहून बंद होऊन आपणहून चालू होतोय व्हय. किती वेळ लागतोय? सांगता येत न्हाई? असं कसं सांगता येत न्हाई! आतला पंखा फिरालाय, कान लावला मी. परत थांबला. परत फिरला. तुमचा चेहरा का असा झालाय? तुमीबी घाबरलाय व्हय? खरं सांगा. हे बघा, मी आता सांगतोय तुमाला, काय म्हणायचंय ते म्हणू दे तिला, 'नको' म्हणू दे, शिव्या देऊ दे, फक्त ह्याला उठवा. तिचं तोंड असं बंद करून मला न्हाई ठेवायचं. उठवा वो ह्याला. पाया पडतो तुमच्या —

आला. आला! उजेड आला पडद्यावर. नवा नंबर दिसतोय व्हय कोपऱ्यात? बसा, पाणी घ्या. मला द्या आधी.

हीच का ती सेटिंग? काय लिहिलंय? लाईट गेल्यावर परत आली तर — बंद राहा, आधी होतास तसा हो, चालू हो. तिसरं. तिसरं करा. साठवा. साठवलं? बघायचं व्हय खरंच होतोय का ते? मी? डब्याची पिन मी उपसू? तुमी उपसा की. बरोबर हाय, तुमी गेल्यावर घरात मीच हाय. आता उपसली तर चालतंय न्हवं, नक्की? उपसली. गप झाला. किती गप वाटतंय वो घर. घालू? घातली. बटणाला हात लावला न्हाई मी, तुमी साक्षीदार. कायच न्हाई होत. कायच — दिवा! दिवा लागला! आपोआप लागला. बाई गं. मी लावला न्हाई. उठला आपणहून.

चला, आत नेऊ. तुमी धरा डबा, माझ्या हातातनं पडंल. वायरा मी घेतो. हे दार — लोटलं होतं न्हवं मी? वाऱ्यानं उघडलं वाटतं. सताड उघडं हाय.

शालू. हे आदर्शराव, उचगावचं. डबा बरा केलाय त्यांनी. तू — तू ऐकलंस व्हय सगळं?

मिटलं. मिटलं डोळं तिनं. बघितलं तुमी? ऐकलं म्हणत्या.

तिकडं ठेवा, त्या स्टुलावर. पट्टी तिच्या डोळ्यांच्या समोर, जरा खाली. मान मी धरतो. ठिपका आला बघ शालू, ठिपक्याकडं बघ, ह्या कोपऱ्यात, आता त्या कोपऱ्यात. धरली नजर. एकदाबी तुटली न्हाई, केवढी भराभर चालालीया! अ — व — ओ करत्या — 'अवो'. मला म्हणालीया. शालू, मी हितंच हाय, तू लिही, गडबड न्हाई. —

ऐकला? ऐकला तुमी आवाज? अवो, पावण्यांस्नी च्या दिला का, म्हणालीया. ह्योच आवाज, आदर्शराव, असंच म्हणायची, दारात माणूस दिसला रे दिसला की. न्हाई दिला गं. राहिला. माझं डोकं ठिकाणावर न्हवतं. तू हस बघू, डोळ्यांनी हस, हसालीस मला दिसालंय.

लिहित्या अजून. न. न आला. थांब शालू, जरा पाणी — न्हाई. न्हाई, लिही तू. मी कुटं जात न्हाई. न, ळ — नळी. हां. नळी. फुडं न. मी बघालोय, लिही.

नको.

नळी नको, म्हणाली. तुमीबी ऐकलं. स्वच्छ म्हणाली, कुटंबी अडकलं न्हाई. व्हय, शालू. ऐकलं मी. ऐकलं गं.

अजून हाय काय तरी. प — पोरीला. 'पोरीला मी सांगतो.' आन? तुमी — 'तुमी नका सांगू. तुमास्नी जमायचं न्हाई.' व्हय बाई. खरं हाय. न्हाई जमायचं मला.

पावणं, तुमी जावा आता. ती पेटी राहू दे हितंच, उद्या येऊन न्या. न्हाई, कायबी समजावून सांगू नका आता, उद्या सांगा. तुमचे लई उपकार झाले, पण जावा. दार ओढून घ्या जाताना. आमाला बोलायचंय.